वांग्याच्या सुनावणीत खुला प्रश्न कोणता होता?

गेल्या महिन्यात दोन ज्युनिअर्सनी आपापल्या सिनॉप्सिसचे कच्चे मसुदे वाचायला पाठवले. एकीचा विषय जनुकीय बदल केलेली पिकं, दुसऱ्याचा किनारपट्टीवरचे ऊर्जाप्रकल्प. विषय वेगळे, पण एक वाक्य दोघांकडे जवळजवळ शब्दशः सारखं होतं: 'धोरणनिर्मितीत लोकसहभाग वाढवणे आवश्यक आहे.' दोन्हीकडे मी समासात एवढंच लिहिलं, 'कशात सहभाग?' त्यातल्या एकीनं फोन करून विचारलं, "ताई, कशात म्हणजे? निर्णयात!"

फोनवर मला नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून ही पोस्ट. हवेत बोलण्यापेक्षा एक कागद समोर घेऊ. ९ फेब्रुवारी २०१० रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण राज्यमंत्री जयराम रमेश यांनी बीटी वांग्याबद्दल जो लेखी निर्णय दिला, तो कागद. इंग्रजीत आहे, पण वाचायला सोपा आहे. मूळ निर्णय थोड्या पानांचा आणि मागे परिशिष्टांचा भलामोठा गठ्ठा. रिस्क गव्हर्नन्स, म्हणजे जोखमीचा कारभार कोणी आणि कसा करायचा, हा विषय घेऊन पीएचडी करायची असेल तर भारतातला हा एक कागद टाळता येत नाही. माझं मत आधीच सांगते. हा कागद प्रामाणिक आहे, बराच धाडसी आहे, आणि नेमका जिथे त्याचं सगळ्यात जास्त कौतुक होतं तिथेच तो कमी पडतो.

थोडी पार्श्वभूमी. जालन्याच्या महिको कंपनीनं वांग्यात क्राय-१-एसी हे जनुक घातलं होतं. हे जनुक मातीतल्या एका जिवाणूचं, बॅसिलस थुरिंजिएन्सिसचं. शेंडे आणि फळं पोखरणारी अळी हे वांग्यावरचं मोठं दुखणं, आणि या जनुकामुळे झाडातच त्या अळीला मारणारं प्रथिन तयार होतं. १४ ऑक्टोबर २००९ रोजी जीईएसी या केंद्रीय समितीनं या वांग्याला पर्यावरणीय मंजुरी दिली. त्या वेळी समितीच्या नावातला 'ए' हा 'अप्रूव्हल'चा होता, म्हणजे मंजुरीचा. मंत्र्यांनी लगेच शिक्का मारला नाही. तज्ज्ञ समितीचा अहवाल सगळ्यांसाठी खुला केला, लेखी हरकती मागवल्या, आणि १३ जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०१० या काळात सात शहरांत स्वतः बसून लोकांचं ऐकलं: कोलकाता, भुवनेश्वर, अहमदाबाद, नागपूर, चंदीगड, हैदराबाद आणि बंगळूर. मिळून सुमारे ८ हजार लोक आले. शेवटच्या सभेनंतर तिसऱ्या दिवशी स्थगिती जाहीर झाली.

एमएस्सीला आम्हाला ही गोष्ट एका तासात सांगितली होती आणि तिचं सार होतं, 'आरडाओरडा जिंकला, विज्ञान हरलं.' मी ते वहीत तसंच उतरवून घेतलं होतं. पीएचडीच्या कोर्सवर्कला आले तर तीच गोष्ट दुसऱ्या विभागात उलटी सांगत होते, 'लोकशाही जिंकली, तज्ज्ञशाही हरली.' दोन्ही ठिकाणी मूळ कागद कोणी वाचायला दिला नाही. मीही दीड वर्ष मागितला नाही, हे कबूल करायला हवं. त्या दीड वर्षात मी एक सेमिनार दिला, आणि त्यात 'सर्वसामान्यांमधील वैज्ञानिक जाणिवेचा अभाव' अशी एक स्लाइड होती. अजून आठवली की कसंतरी होतं.

मग कागद वाचला. पहिल्यांदा जाणवलं की यात आरडाओरडा नाहीच. मंत्री एकेक मुद्दा घेऊन जातात. बीटी कापसाला परवानगी दिली मग वांग्याला का नाही, या प्रश्नाला ते बगल देत नाहीत. कापूस आणि रोज ताटात येणारी भाजी यांची तुलना होत नाही, असं म्हणतात. सुरक्षिततेच्या चाचण्या वाण विकसित करणाऱ्यांनीच केल्या, स्वतंत्र प्रयोगशाळेत झाल्या नाहीत, आणि त्यामुळे शंका घेणं रास्त आहे, असं स्पष्ट लिहितात. ज्या राज्य सरकारांनी पत्रं पाठवली त्यांचं म्हणणं नोंदवतात. भारत हा वांग्याच्या वैविध्याचं माहेरघर आहे, ते वैविध्य जपलं पाहिजे, हा मुद्दा घेतात. आंध्रात कीटकनाशकांशिवाय चाललेल्या शेतीचा दाखला देऊन बीटीची गरज किती, हेही विचारतात. बियाण्यावर एका बहुराष्ट्रीय कंपनीचं नियंत्रण येईल ही भीतीही कागदावर आहे. बाजूनं बोलणाऱ्या शास्त्रज्ञांची पत्रंही परिशिष्टात आहेत. समितीच्या शिफारशीवर पुढे सही करून मोकळं होणं सोपं होतं. ते सोडून इतकी कारणं लिहून द्यायची, हे आपल्याकडे दुर्मीळ आहे. सरकारी आदेश वाचायची सवय असेल तर तुम्हाला हे पटेल.

आता दुसरं वाचन. मी तीन रंगांचे हायलायटर घेऊन बसले. (लॅबमधली सवय. डेटा दिसला की रंगवायचा.) 'हे खाऊन काय होईल, पर्यावरणाचं काय होईल' अशा हरकतींना पिवळा. 'बी कोणाचं, किंमत कोण ठरवणार' याला हिरवा. 'मुळात याची गरज आहे का, अळीवर दुसरा उपाय नाही का' याला गुलाबी. कागदाचा मधला भाग छान तिरंगी दिसू लागला. मग शेवटाकडे आले. स्थगिती कधी उठेल? तर स्वतंत्र वैज्ञानिक अभ्यासातून या वांग्याची दीर्घकालीन सुरक्षितता, मानवी आरोग्य आणि पर्यावरण या दोन्ही बाबतींत, जनतेचं आणि तज्ज्ञांचं समाधान होईल अशी सिद्ध होईल तेव्हा.

म्हणजे पिवळा. स्थगिती उठवण्याच्या अटीत हिरवा नाही, गुलाबी नाही. स्थगितीच्या काळात काय काय करता येईल हेही कागदात आहे, स्वतंत्र नियामक संस्था, संसदेत चर्चा वगैरे. पण त्या इच्छा आहेत. अट एकच, सुरक्षिततेची.

हे इतकं का टोचतं, ते सांगते. माझा मामा जळगावकडे भरताची वांगी लावतो. तीच ती, हिरवट पांढरी, ज्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. झाडावरचं चांगलं वांगं पिकून पिवळं होईपर्यंत ठेवायचं आणि त्याचं बी काढायचं, असं त्याच्याकडे चालतं. अळीनं तो जेरीस येतो, हंगामात फवारण्यांचा हिशेब ठेवणं सोडून देतो. मी त्याला बीटी वांगं समजावून सांगितलं. मला वाटलं, तो विचारेल, 'विषारी नाही ना?' त्यानं विचारलं, "बी धरता येईल का, का दर साली घ्यावं लागेल?"

या प्रश्नाला उत्तर होतं, हे विशेष. त्या प्रकल्पात महिकोचे संकरित वाण होते, आणि सोबत धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाचे व कोईमतूरच्या तामिळनाडू कृषी विद्यापीठाचे सरळ वाणही होते. संकरित वाणाचं बी दरवर्षी विकत घ्यावं लागतं, सरळ वाणाचं शेतकऱ्याला धरता येतं. मामाच्या दृष्टीनं ही दोन पूर्ण वेगळी पिकं आहेत. पण नियामकाच्या टेबलावर ती एकच होती, कारण तिथे तपासला जातो तो 'इव्हेंट', म्हणजे जनुक जीनोममध्ये नेमकं जिथे जाऊन बसलं ती एक घटना. इव्हेंट ईई-१. तो दोन्हींत सारखाच. समिती इव्हेंटबद्दल बोलत होती आणि मामा बियाण्याबद्दल. हा घोळ मामाच्या अज्ञानाचा म्हणायचा का? माझ्या त्या स्लाइडच्या हिशेबानं, हो.

सहभागावर लिहिताना आपण सगळे शेरी आर्नस्टाइनची शिडी वापरतो. १९६९ चा लेख, आठ पायऱ्या, खाली दिखावा आणि वर नागरिकांच्या हातात सत्ता. नेट-सेटच्या तयारीतही ती पाठ होते. शिडी उपयोगाची आहे, पण ती एकच गोष्ट मोजते: सत्ता किती वाटली गेली. प्रश्न कोणता मांडला होता, हे ती मोजत नाही. वांग्याच्या सुनावण्या शिडीवर बऱ्याच वर चढतात, कारण लोकांच्या बोलण्यानं निकाल खरोखर बदलला. तरी मामाच्या प्रश्नाची जागा काही बदलली नाही.

हे केवळ एका मंत्र्याचं अपयश नाही. चौकटच तशी आली आहे. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलनं १९८३ मध्ये एक अहवाल काढला, अभ्यासक त्याला 'रेड बुक' म्हणतात. त्यानं जोखमीचं मूल्यमापन आणि जोखमीचं व्यवस्थापन ही दोन कामं वेगळी करून दाखवली. पहिलं शास्त्रज्ञांचं, दुसरं मूल्यं आणि राजकारण यांचं. हेतू चांगला होता; राजकीय दबावानं आकडे वाकू नयेत. पण व्यवहारात त्याचा अर्थ झाला, आधी शास्त्रज्ञ ठरवतील धोका किती, मग लोकांना बोलवा. त्याच संस्थेच्या १९९६ च्या अहवालात सूर वेगळा आहे. प्रश्न कसा मांडायचा इथपासूनच चर्चेत संबंधित लोक हवेत, असं तो म्हणतो. आपल्याकडे बहुतेक सिनॉप्सिस १९८३ मध्ये अडकलेल्या असतात आणि संदर्भ मात्र १९९६ नंतरचे देतात.

ब्रायन विन यांचं कुम्ब्रियाच्या मेंढपाळांवरचं काम तुम्ही वाचालच. एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिल झालं, मे महिन्यात उत्तर इंग्लंडच्या डोंगरांवर किरणोत्सारी सिझियम पावसासोबत उतरलं, जूनमध्ये मेंढ्यांच्या विक्रीवर बंदी आली. तीन आठवड्यांत उठेल असं सांगितलं होतं. शेवटचे निर्बंध उठले २०१२ मध्ये. शास्त्रज्ञांचा अंदाज चिकण मातीवर बेतलेला होता, आणि तिथली डोंगराळ जमीन होती आम्लधर्मी, कुजलेल्या वनस्पतींची, जिथे सिझियम मातीत बांधलं न जाता पुन्हा पुन्हा गवतात येत राहतं. मेंढ्या कुंपणात ठेवून प्रयोग करायला निघाले तेव्हा मेंढपाळ म्हणाले, मोकळ्यावर चरणारं जनावर कोंडलं की खंगतं, तुमचे आकडे बिघडतील. तसंच झालं. यावरून परीक्षेत 'लोकांना सगळं कळतं' असं लिहू नका, विन तसं म्हणत नाहीत. त्यांचा रोख असा की तज्ज्ञांच्या पद्धतीतही काही गृहीतकं न बोलता दडलेली असतात, आणि ती बाहेरच्याला आधी दिसतात. वांग्याच्या बाबतीत दडलेलं गृहीतक हे होतं की वादाचा विषय सुरक्षितता आहे.

आता माझ्या टीकेवरचा सगळ्यात जड आक्षेप. तो मला आमच्याच विभागातल्या एका सरांनी सुनावला, आणि बरोबर सुनावला. मंत्र्यांचा अधिकार येतो तो १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्यातून आणि त्याखालच्या १९८९ च्या नियमांतून. त्यात बियाण्याची मालकी बसत नाही. 'बी महाग होईल म्हणून नाकारतो' असं लिहिलं असतं तर कोर्टात तो आदेश किती टिकला असता? मान्य. पण मग तेच लिहायला हवं होतं. 'हे ऐकलं, हे महत्त्वाचं आहे, माझ्या कक्षेत नाही, म्हणून अमुक खात्याकडे उत्तरासाठी पाठवतो.' शेतकऱ्यांच्या बियाणे-हक्कासाठी २००१ चा वेगळा कायदा आहे, त्याचं प्राधिकरण आहे, कृषी मंत्रालय आहे. ऐकून घेतलेली हरकत कुठे गेली याची पोच देणं आणि ती गुपचूप दुसऱ्या रंगात रंगवणं, यात फरक आहे. हिरव्या आणि गुलाबी हरकतींनी पिवळ्याचं वजन वाढवलं, आणि स्वतः अनुत्तरित राहिल्या.

याचा परिणाम पुढे दिसतो. ज्यांना वांगं हवं होतं ते म्हणत राहिले, कोणता अभ्यास केला की तुमचं समाधान होईल ते सांगा. ज्यांना नको होतं त्यांनाही हे सांगता येईना, कारण त्यांचा खरा नकार बऱ्याचदा अभ्यासाबद्दल नव्हताच. 'जनतेचं समाधान' कोण मोजणार, कशानं, हे कागदात नाही. त्याच वर्षी देशातल्या सहा विज्ञान-अकादमींनी मिळून जनुकीय पिकांवर अहवाल दिला, आणि त्यातला काही मजकूर दुसरीकडून जसाच्या तसा उचललेला निघाला. सुधारून पुन्हा द्यावा लागला. (सिनॉप्सिसमध्ये कॉपी-पेस्ट करणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं.) जीईएसीचा 'ए' बदलून 'अप्रेझल'चा झाला, म्हणजे समिती मंजुरी देणारी न राहता पारख करणारी झाली. ऑक्टोबर २०१३ मध्ये बांगलादेशानं हेच तंत्रज्ञान मंजूर केलं आणि २०१४ च्या सुरुवातीला पहिल्या २० शेतकऱ्यांना रोपं दिली. तिथे वाण सरकारी कृषी संशोधन संस्थेचे, बी धरता येणारे. मामाचा प्रश्न तिथे वाणाच्या निवडीतच सुटला होता.

आणि शेतकरी म्हणजे एकच आवाज, असंही समजू नका. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेचे लोक जमले आणि मंजुरी नसलेला तणनाशक-सहनशील कापूस उघडपणे पेरला. तेव्हाच्या कायद्यानुसार पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकत होता. शरद जोशींच्या विचारातून आलेली ही संघटना तंत्रज्ञानाचं स्वातंत्र्य मागत आली आहे. तो लोकसहभाग नव्हता का? कोणी बोलावलं नव्हतं, माइक नव्हता, हजेरीचं रजिस्टर नव्हतं. मला स्वतःला ती कृती काळजीची वाटते, कारण बेकायदा बियाण्याच्या पाकिटात काय आहे हे पेरणाऱ्यालाही खात्रीनं सांगता येत नाही. पण सहभागावर प्रबंध लिहायचा आणि नागपूरच्या सभागृहातले शेतकरी तेवढे मोजायचे, अकोलीच्या बांधावरचे सोडून द्यायचे, हे चालणार नाही. सभागृहात ज्या प्रश्नाला जागा मिळत नाही तो कुठेतरी उगवतो.

जुलै २०२४ मध्ये जनुकीय मोहरीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं मंजुरीच्या वैधतेवर एकमत झालं नाही. पण केंद्रानं जनुकीय पिकांबाबत राष्ट्रीय धोरण आखावं आणि त्यासाठी शेतकरी प्रतिनिधींसह सर्वांशी सल्लामसलत करावी, यावर दोघंही एक झाले. म्हणजे वांग्याचा तो कागद पुन्हा उघडण्याची वेळ आहे. तुमच्यापैकी कोणाला विषय हवा असेल तर इथे आहे.

करायचं असेल तर माझी पद्धत सांगते, फार मोठी नाही. उपस्थितीचे आकडे बाजूला ठेवा. ८ हजार लोक आले हे वाचून मीही आधी भारावले होते. सभेतली किंवा परिशिष्टातली एकच हरकत उचला, एका माणसाची किंवा एका संघटनेची, आणि ती शेवटच्या आदेशापर्यंत कशी जाते ते ओळीओळीनं पाहा. कुठे तिचे शब्द बदलले, कोणी बदलले, कुठे ती दुसऱ्या हरकतीत मिसळली, कुठे गायब झाली. मला एका हरकतीला तीन आठवडे लागले. प्रश्नावली वाटून 'तुम्हाला सहभाग मिळाला असे वाटते का?' विचारणं एका दिवसात होतं, म्हणून ते जास्त होतं. आणि तुमच्या स्वतःच्या प्रश्नावलीतही बघा, 'इतर' या चौकटीत लोक काय लिहितात. माझ्या पहिल्या पायलटमध्ये मी ती चौकट कोडिंग करताना वगळली होती, 'विषयाशी असंबद्ध' म्हणून. आठ जणांनी बियाण्याबद्दल लिहिलं होतं.

परवा तिचा सुधारलेला मसुदा आला. ते वाक्य काढून तिनं लिहिलंय, 'जीईएसीसमोर कोणता प्रश्न होता, शेतकऱ्यांसमोर कोणता होता, आणि हे दोन प्रश्न कोणत्या टप्प्यावर एक मानले गेले, हे तपासणे.' मी समासात फक्त शुद्धलेखन दुरुस्त केलं. दुसऱ्याचा मसुदा अजून यायचाय.